अठरा जणांना जमेल असं शहर

आधीच माफी मागून ठेवतो. मी काही लिहिणारा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील एस.टी.च्या डेपोत गाड्या धुतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. वर ‘महोदय’, खाली ‘आपला नम्र’. त्यात मी लिहिणार आहे ते ज्या शहरात कधी पाऊल ठेवलं नाही त्या शहराबद्दल, आणि जिला कधी पाहिलं नाही त्या मुलीबद्दल. म्हणजे दोन्हीकडून माझा अधिकार नाही. पण त्या शहरात कुठून कुठे जायचं हे अठरा माणसांना मी आखून दिलं होतं, आणि त्या मुलीच्या खोलीत मी दोन वर्षं राहतो आहे. एवढ्या जोरावर जेवढं जमेल तेवढं लिहितो. कुणाचं नाव घालत नाही. शहराचंही नाही; ते मला अजून धड उच्चारता येत नाही.

मी सिंगापुरात, बुकित बातोकला, काका-काकूंकडे राहतो. सख्खे नव्हेत. काका माझ्या वडिलांच्या गावचे, एकाच वस्तीतले. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, येते आणि काका त्याआधी पाच मिनिटं गळ्यात पास अडकवून उभे असतात. मला शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळल्यावर त्यांनीच वडिलांना फोन केला होता. “पोरगं आमच्याकडे राहील. खोली रिकामीच आहे.”

रिकामी म्हणजे काय ते इथे आल्यावर कळलं. कपाटाचा अर्धा भाग माझ्यासाठी मोकळा केला होता. उरलेल्या अर्ध्यात एकच वस्तू होती, गडद निळा, गुडघ्यापर्यंत येणारा जाड कोट. सिंगापुरात असा कोट घालायची वेळ कुणावर येत नाही. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि खाली ओल शोषून घेणारा डबा, जो काकू दर महिन्याला बदलत. पंखा मोठा केला की कपाटाचं दार आपोआप उघडायचं आणि तो कोट मंद हलायचा. मी अभ्यासाला बसलो की तो बरोबर माझ्या पाठीमागे असायचा. पहिले काही आठवडे मी दाराला खुर्ची लावून बसलो. मग काकूंनी ते पाहिलं, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली, आणि मी परत लावली नाही.

पुस्तकंही तिचीच होती. गणिताच्या एका पुस्तकात समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथे नीट बघ.’ तिने ते स्वतःलाच लिहिलं असणार. पण वाचत होतो मी, आणि दर वेळी नीट बघत होतो.

ती म्हणजे काका-काकूंची एकुलती एक मुलगी. तिची गोष्ट काकूंनी मला मेथी निवडताना सांगितली, मान वर न करता. ती स्वीडनला पीएचडी करायला गेली होती. तीन वर्षांनी तिने ती सोडली. आधी आईला सांगितलं, मग बाबांना. बाबा फोनवर म्हणाले, “सुट्टीला ये, बोलू.” ती आली. एप्रिल महिना होता, आमच्या ग्रुपचा जयंतीचा कार्यक्रम होता.

ग्रुप म्हणजे इथली पाच-सहा बौद्ध मराठी कुटुंबं. कुणी इंजिनियर, कुणी वन-नॉर्थ भागात संशोधनात, एक ताई बँकेत. रविवारी कुणाच्या तरी घरी वंदना होते आणि मग सगळे एकत्र जेवतात. जयंतीला गुणगौरव असतो. वर्षभरात ज्याने जे काही पास केलं त्याला पुढे बोलवतात, शाल आणि पुष्पगुच्छ देतात, आणि त्याने लहान मुलांना चार शब्द सांगायचे असतात. बाहेरच्या माणसाला यात गंमत वाटेल. मला वाटत नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवलं, त्यांच्या घरात गुणपत्रिका ही साधी गोष्ट नसते. मी आलो त्या वर्षी मलाही शाल मिळाली. मी ती आईला पाठवली.

तर त्या एप्रिलमध्ये मुलीने पीएचडी सोडल्याचं काकांनी ग्रुपमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. गुणगौरवाच्या यादीत तिचं नाव कुणीतरी, पीएचडी होत आली असेल असं समजून, हौसेने घातलं होतं. नाव पुकारलं गेलं. काका ‘थांबा’ म्हणू शकले असते.

“टाळ्या वाजवल्या त्यांनी,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांत आधी.”

ती उठली, पुढे गेली. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात माइक दिला. “मुलांना काहीतरी सांग बेटा.” ती बाबांकडे बघत राहिली. मग तिने माइक टेबलावर ठेवला, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. त्यानंतर तिचे आईला दोन-तीन मेसेज आले. शेवटचा स्वीडनमधल्याच त्या तळ्याकाठच्या शहरातून होता. ‘इथे काम मिळालंय. बरी आहे.’ सोबत खिडकीतून काढलेला एक फोटो होता, त्यात पाणी आणि एक धक्का. मग तो नंबर बंद झाला. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

तेव्हापासून काकांना माझा निकाल सांगताना मी आवाज जपून बोलतो. चांगला असला तरी.

आता सहलीचं सांगतो. ग्रुप दर वर्षी जूनमध्ये, मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, एकत्र कुठेतरी जातो. त्या वर्षी कुठे जायचं हे ठरवायला सगळे आमच्याच फ्लॅटमध्ये जमले होते. जेवणं झाली होती, ताटं अजून उचलली नव्हती.

“यंदा स्वीडन करू या,” काका म्हणाले.

“स्वित्झर्लंड म्हणायचंय का तुम्हाला, भाऊ?” बँकेतल्या ताईंनी विचारलं.

“स्वीडन.”

“अहो, तिथे आहे काय?” ताईंचे मिस्टर म्हणाले.

“तळं आहे. मोठं.”

“तळं तर आपल्या बुकित बातोकलाही आहे! चप्पल घालून खाली उतरलं की झालं.”

सगळे हसले. ताईंचा दहा वर्षांचा मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून इथल्या इंग्रजीत म्हणाला, “लेक ओन्ली? सो बोरिंग ला.” त्यावर परत हसले. काका तेवढे हसले नाहीत. त्यांनी शहराचं नाव सांगितलं, आणि मग कुणीच हसलं नाही. ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. खोलीत एवढी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीबद्दल गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. शेवटी ग्रुपमधल्या सगळ्यांत मोठ्या मावशी म्हणाल्या, “दर वेळी आपलंच ऐकतो की आपण. या वेळी भाऊंचं.”

नंतर स्वयंपाकघरात ताई काकूंचा हात धरून म्हणत होत्या, “वहिनी, तुम्ही दोघांनी एकटं कशाला जायचं? आम्ही सगळे आहोत ना.” काकूंनी पदराने डोळे टिपले. मी भांडी विसळत होतो. मला वाटलं होतं, माणसं असावीत तर अशी. आजही वाटतं. म्हणून तर पुढचं लिहायला जड जातं.

काम माझ्यावर आलं. “तू कॉलेजातला. ग्रुपला जमतील अशी ठिकाणं काढ,” काका म्हणाले. मी ते परीक्षेसारखं घेतलं. वहीत आधी अडचणी लिहिल्या. मावशींचे गुडघे. दोघं मटण-मासे न खाणारे. चार मुलं, त्यातलं एक गाडी लागणारं. ताईंना दर दोन तासांनी चहा. आणि कुणालाही कुणासाठी वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायला लावायचं नाही, नाहीतर भांडणं होतात.

मग शहर शोधायला लागलो. तिथे जुन्या कारखान्याच्या लाकडी इमारतीत काड्यापेट्यांचं संग्रहालय होतं. जमिनीच्या पातळीवर, म्हणजे मावशींना चालणार होतं. टेकडीवर बाग होती, तिच्यात जुनी लाकडी घरं आणून मांडलेली. टेकडी चढायला बस होती का, हे शोधण्यात माझा एक रविवार गेला. जवळच्या गावात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्या कांडीसारख्या वळून दाखवत, ते मुलांसाठी. तिथून बोटीने एका बेटावर जायचं. बेटावर घोड्यांच्या लांबट गाड्या होत्या, ज्यांत माणसं पाठीला पाठ लावून दोन रांगांत बसतात. एका गाडीत बरीच मावतात. ग्रुपसाठी यासारखं दुसरं काही नाही, असं मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती. पाणी इतकं स्वच्छ की खोलवरचे दगड दिसतात, असं जिथेतिथे लिहिलेलं होतं. मी ते मराठीत उतरवून काढलं.

एका शनिवारी दुपारी मी संगणकावर त्या शहराच्या रस्त्यांतून फिरत होतो. नकाशावर रस्त्यांचे फोटो असतात, बाण दाबला की माणूस पुढे पुढे चालल्यासारखा जातो. काका कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर तो शेवटचा फोटो होता.

“हा धक्का कुठला ते सापडेल का?”

मला चार दिवस लागले. पांढरा कठडा, वळणावर एक दिव्याचा खांब, पलीकडे चर्चचा सुळका. शेवटी सापडला. मी काका-काकूंना बोलावलं आणि बाण दाबत दाबत त्यांना धक्क्यावर घेऊन गेलो. वातावरण ढगाळ होतं. एक पांढरा पक्षी हवेत थांबलेला होता. कठड्याशी लाकडी बाक होता आणि बाकावर एक मुलगी बसली होती. काळे केस, मागे पिशवी, पाण्याकडे तोंड पण मान थोडी इकडे वळलेली. या फोटोंत माणसांचे चेहरे पुसट करून टाकतात. तिचाही केलेला होता.

काकूंनी खुर्चीची पाठ धरली. “हीच.”

“काकू, चेहरा दिसत नाही.”

“मला चेहरा कशाला हवा? डावा खांदा बघ. खाली आहे. शाळेचं दप्तर एकाच खांद्याला अडकवायची. किती ओरडायचे मी.”

खरंच तो खांदा किंचित खाली होता. आणि तेव्हाच माझी नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक अक्षरात फोटोचा महिना आणि वर्ष असतं. ते वर्ष ती त्या शहरात पोहोचण्याच्या दोन वर्षं आधीचं होतं.

मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण काकूंचा चष्मा पडद्याला टेकायला आला होता आणि काका मागे श्वास रोखून उभे होते. ज्यांच्या घरचं मी जेवतो त्यांना मी ‘नाही, ही ती नव्हे’ कसं म्हणू? मोठ्यांना खोटं पाडायचं नसतं हे मला लहानपणापासून येतं. खरं सांगायचं शिक्षण नंतरचं आहे, आणि ते अजून कच्चं आहे. मी संगणकावरची खिडकी थोडी खाली सरकवली. कोपरा पडद्याबाहेर गेला.

त्यानंतर रोजचं झालं. मी कॉलेजातून आलो की काकू चहा घेऊन माझ्या खोलीत यायच्या, म्हणजे तिच्या खोलीत. “जरा तो धक्का लाव रे.” मी लावायचो. आधी खिडकी खाली सरकवायची, मग त्यांना बोलवायचं, हे माझ्या हाताला सवयीचं झालं. तिथे नेहमी तीच ढगाळ दुपार असायची. पक्षी तिथेच थांबलेला असायचा. काकू काही बोलत नसत. एकदाच, कप खाली ठेवताना, अगदी रोजच्या आवाजात त्या पडद्याला म्हणाल्या, “टोपी घाल गं. वारा आहे तिथे.”

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो. एकटा असतानाही मी त्या धक्क्यावर जायला लागलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, एखाद्या दिवशी लावीन आणि बाक रिकामा असेल. किंवा तिने मान पूर्ण वळवलेली असेल.

सहलीचा तक्ता मी असा केला की रोज काहीही पाहिलं तरी रस्ता धक्क्यावरून जाईल. पहिल्या दिवशी कारण बसथांब्याचं, दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमचं, तिसऱ्या दिवशी स्वच्छतागृहाचं. आणि परक्या मुलखात कुणी चुकू नये म्हणून मी जोड्या लावल्या. कोणीही एकटं राहायचं नाही, कुठेही जाताना जोडीदार बरोबर हवा. काका-काकूंच्या जवळ कायम दोघं-तिघं राहतील असं मी मुद्दाम पाहिलं. धीर म्हणून.

“पोराने ट्रॅव्हल एजंटला मागे टाकलं,” ताईंचे मिस्टर म्हणाले.

“पुढच्या गुणगौरवात याचंही नाव घाला,” कुणीतरी म्हणालं. काका तेवढ्यात उठून बाल्कनीत गेले.

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी कपाटातला कोट काढला आणि बॅगेत भरला.

“काकू, जूनमध्ये तिकडे उन्हाळा असतो.”

“हिवाळा येईलच ना. तिला लागेल.”

ते गेले आणि मी, तिकिटाचे पैसे नसल्याने, फ्लॅटमध्ये एकटा राहिलो. काम एवढंच, बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायचं. कपाटाचं दार आता उघडलं तर आत नुसता हँगर हलायचा. मला वाटलं होतं कोट गेल्यावर बरं वाटेल.

फोटो यायला लागले. धक्क्यावर ओळीने उभे असलेले अठरा जण. काड्यापेट्यांसमोर मावशी. टेकडीवर मुलं. ताई मोठ्या हौशी, त्या तर फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकत होत्या, खाली शहराचं नाव घालून. मी प्रत्येक फोटो मोठा करून आधी मागची माणसं बघायचो. सायकलवाला, बाबागाडी ढकलणारी बाई, पाठमोरं कुणीतरी. एका फोटोत सगळे हातात आइस्क्रीम धरून हसताहेत आणि मागे काका बाकावर बसलेले आहेत, तिच्याच जागी, पाण्याकडे तोंड करून, मान तिच्यासारखीच थोडी इकडे वळलेली. उजेड समोरून येत होता, त्यामुळे त्यांचा चेहरा काळा पडला होता, ओळखू येत नव्हता. मी संगणकावर धक्का लावला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तोच कठडा, तोच खांब. एकीकडे ती, एकीकडे ते. मी पटकन दोन्ही बंद केले.

इथे सिंगापुरात संध्याकाळचे सहा वाजले की तिकडे दुपारचे बारा. त्या वेळी काकू फोन करायच्या.

“आज पण नाही रे.”

मागून ताईंचा आवाज, “वहिनी, तुम्हाला कॉफी सांगू का? बसा तुम्ही, आम्ही आहोत इथेच.” मग मुलांची धावपळ, कुणीतरी ‘जोडी, जोडी!’ म्हणून ओरडतंय.

घोडागाडीच्या दिवशी काका-काकू बेटावर गेले नाहीत, धक्क्यावरच थांबले. तर निम्मा ग्रुपही गेला नाही. त्यांना एकटं कसं टाकायचं? पाच जण या बाकावर, चार जण त्या बाकावर. बेटाच्या बोटीची वेळ मी किती जपून जुळवली होती, त्याचा मला तेव्हा थोडा रागही आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

शेवटच्या दिवशी काकूंनी विचारलं, “तो तुझा फोटो कधीचा असतो रे? गेल्या महिन्यातला?”

रस्त्यावर होतो मी, एम.आर.टी.च्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यापाशी. माणसं बाजूने जात होती.

“नक्की नाही सांगता येत, काकू. ते बदलत असतात.”

“हं,” काकू म्हणाल्या. “म्हणजे तिची वेळ दुसरी असेल बसायची.”

ते परत आले. कोट कपाटात परत आला, आवरणही चढलं. चॉकलेटं, लाल-पांढऱ्या कांड्या, माझ्यासाठी लोकरीची टोपी. ग्रुपमध्ये सहल छान झाली म्हणायचं की नाही हे कुणाला कळत नव्हतं. “आम्ही भाऊ-वहिनींना एक मिनिट एकटं सोडलं नाही,” ताई मला म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी मला धक्का लावायला पुन्हा सांगितलं नाही. चहा माझ्या टेबलावर ठेवून त्या निघून जायच्या. ते मला जास्त जड गेलं.

जुलैत एका रविवारी सकाळी काका मला ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये घेऊन गेले. दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतल्या. मी गरम असतानाच घोट घेतला, जीभ भाजली, आणि त्याच भरात सांगून टाकलं. तारखेचं, खिडकी सरकवल्याचं, शेवटच्या दिवशी फोनवर खोटं बोलल्याचं. मान वर करायची हिंमत नव्हती.

काकांनी साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.

“महिना आणि वर्ष,” ते म्हणाले. “खाली डाव्या कोपऱ्यात. वाचलं होतं मी. तीस वर्षं मीटरच वाचतोय, बाळा.”

“मग काका, तुम्ही का नाही...”

“तुझ्या काकूने त्या दिवशी स्टोअररूममधून बॅग काढली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुठे जायला तयार झाली ती. आणि मलाही वाटलं, असेल. आकडा चुकत असेल. इंजिनियर माणूस, आकडा चुकतो म्हणालो.”

शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे चिनी भाषेत भांडत होते. काका त्यांच्याकडे बघत होते.

“तू काही नाही केलंस. तू कोपरा झाकलास. मी भर सभेत टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, एवढी माणसं समोर असली की ती परत जाईल, पूर्ण करेल. लाजेने का होईना. आम्ही सगळे तसेच शिकलो ना, दहा माणसांच्या नजरेने. वस्ती बघत होती म्हणून शिकलो.”

मला तेव्हा माझे वडील आठवले. शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते डेपोत नेऊन प्रत्येक ड्रायव्हरला दाखवलं होतं. त्या पत्राचा कागद घड्यांवर फाटला आहे. मला इथे जमलं नाही तर मी ते कुणाला सांगेन, हा विचार मी त्या दिवसापर्यंत पूर्ण होऊ दिला नव्हता. त्या टेबलाशी तो पूर्ण झाला. मी मरून जाईन पण सांगणार नाही, असं उत्तर आलं. किंवा मग कुठल्यातरी तळ्याकाठी जाऊन नंबर बदलीन.

हे मी काकांना सांगितलं नाही. आम्ही कोपी संपवली आणि वर आलो. काकूंना त्यांनीच सांगितलं असावं, कारण त्या दिवशी दुपारी त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले होते. एके दिवशी प्रयोगशाळेत असताना फोन थरथरला. काकू. मी बंद केला. पुन्हा आला, पुन्हा. काकू मला कॉलेजच्या वेळात कधी फोन करत नाहीत. काकांना जुरोंग आयलंडवर काही झालं असेल, असं वाटून मी हातमोज्यांसकट बाहेर कॉरिडॉरमध्ये पळालो.

“काकू, काय झालं? काका बरे आहेत ना?”

“फोन आला होता.” काकूंना दम लागला होता, जणू जिने चढून आल्या होत्या. “तिचा. मघाशी. माझ्याशी बोलली, मग यांना कामावर फोन करून यांच्याशीपण बोलली. हे अर्धा दिवस घेऊन घरी आलेत.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ती आली होती रे तिथे. ताईंनी टाकलेला फोटो पाहिला तिने. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून धावत आली. समोरच्या बाजूला थांब्यावर उभी होती. अर्धा तास. बाबा दिसले म्हणाली, पाठमोरे. तू दिसलीस म्हणाली, आई, तू बारीक झालीस. रस्ता ओलांडायचा होता फक्त.”

“मग?”

“सगळे होते ना रे. या बाजूला पाच, त्या बाजूला चार. तिला वाटलं, मी गेले की सगळे उभे राहतील. परत मला कुणीतरी पुढे बोलावील.” फोनमध्ये मागे काकांचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं, कपाटाची दारं, हाका. “बस आली आणि ती बसून गेली. दोन महिने झोपली नाही म्हणाली नीट. आज केला फोन.”

“आता काय म्हणते?”

“दोघंच या म्हणाली. कुणाला सांगू नका, कुणाला आणू नका. दोघंच आलात तर स्टेशनवर घ्यायला येते.”